गरिबांना हिशेब विचारता आला पाहिजे

आंतरराष्ट्रीय विकासाची चर्चा सुरू झाली की ती बहुतेक वेळा रकमेवर येऊन थांबते. श्रीमंत देशांनी किती द्यायला हवे होते, प्रत्यक्षात किती दिले, यंदा कपात किती झाली. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली विकाससाहाय्य संस्था मोडीत काढल्यापासून तर दुसरे काही बोललेच जात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्या एका निर्णयाने अनेक देशांतील दवाखाने आणि औषधपुरवठा अडचणीत आला. तरीही मला आज एका वेगळ्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे. गरिबांच्या नावाने आलेला पैसा कशावर खर्च करायचा हे जो ठरवतो, त्याला जाब विचारण्याचा आणि काम न केल्यास पुढच्या निवडणुकीत घरी बसवण्याचा अधिकार त्या गरिबांकडे आहे का? तो नसेल तर गरिबी कमी करण्याचा कार्यक्रम बहुधा निधी संपेपर्यंतच टिकतो, असे माझे ठाम मत आहे.

युगांडाचे उदाहरण विकासक्षेत्रातल्या लोकांना चांगले माहीत आहे, पण त्याचा अर्धाच भाग सहसा सांगितला जातो. १९९० च्या दशकात तिथले केंद्र सरकार प्राथमिक शाळांना पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागे अनुदान मंजूर करत असे. रित्वा रेनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९९१ ते १९९५ या काळातल्या या पैशाचा माग काढला, तेव्हा त्यातला सरासरी १३ टक्केच भाग शाळांपर्यंत पोहोचल्याचे आढळले; बहुसंख्य शाळांच्या हाती तर काहीच लागले नव्हते. झारीतले शुक्राचार्य जिल्ह्याच्या पातळीवर बसले होते. पुढे कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे सरकारने वृत्तपत्रांत छापायला सुरुवात केली, इतरही सुधारणा झाल्या आणि २००१ च्या सुमारास शाळांपर्यंत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास गेला. गोष्ट बहुतेकदा इथे संपवली जाते. मला त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. पैसा झिरपत होता त्या काळातही ज्या शाळांच्या परिसरातील लोकांची आर्थिक स्थिती बरी होती, त्या शाळा आपल्या हक्काचा अधिक हिस्सा पदरात पाडून घेत होत्या, कारण त्यांना अधिकाऱ्यांशी भांडता येत होते. म्हणजे गरिबाला पैसा कमी मिळण्याचे एक कारण त्याचे गरीब असणे हेच होते. हे चक्र अनुदानाची रक्कम वाढवून तुटत नाही. ज्याचा आवाज ऐकला जात नाही त्याच्या हाती काही औपचारिक सत्ता द्यावी लागते.

अशी सत्ता दिल्यावर काय होते हे पाहायचे तर बोलिव्हियाकडे पाहावे. १९९४ मध्ये तिथे लोकसहभागाचा कायदा झाला. राष्ट्रीय करमहसुलाचा २० टक्के हिस्सा लोकसंख्येच्या प्रमाणात थेट नगरपालिकांना द्यायचा, आणि नगरपालिका म्हणजे केवळ शहर नव्हे, तर भोवतालचा सगळा ग्रामीण भागही तिच्यातच, अशी त्याची रचना होती. देशभर ३११ नगरपालिका उभ्या राहिल्या, ज्यांपैकी बऱ्याच पूर्वी अस्तित्वातच नव्हत्या. त्याआधी स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या निधीतला ८६ टक्के भाग तीन मोठी शहरे घेत असत. कायद्यानंतर त्यांचा वाटा २७ टक्क्यांवर आला. जाँ-पॉल फागे यांनी या बदलाचा अनेक वर्षे अभ्यास केला. केंद्राच्या हाती पैसा होता तेव्हा तो मुख्यतः उद्योग आणि मोठ्या पायाभूत कामांकडे जात होता. तोच स्थानिकांच्या हाती आल्यावर शिक्षण, पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांकडे वळला. हा बदल घडवून आणण्यात सर्वात मोठा वाटा लहान आणि गरीब नगरपालिकांचा होता. राजधानीत बसून गरिबांच्या गरजा ओळखण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक नियोजनकाराने हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचावा, असे मला मनापासून वाटते.

त्याच अभ्यासातील दोन ठिकाणांची तुलना मला विशेष बोलकी वाटते. ला पाझजवळचे व्हियाचा हे उद्योगांचे आणि तुलनेने सुस्थितीतले गाव. चारागुआ हा पाराग्वेच्या सीमेलगतचा, दूरवर पसरलेला, बहुसंख्य ग्वारानी आदिवासींचा प्रदेश. पैसा, शिक्षण आणि राजधानीची जवळीक यांवर सगळे अवलंबून असते तर व्हियाचा पुढे जायला हवे होते. घडले उलटे. व्हियाचातला कारभार निकृष्ट आणि भ्रष्ट ठरला, तर चारागुआतला उत्तम, कारण ग्वारानींची गावोगावची संघटना आधीपासून घट्ट होती, ती गावाच्या गरजा ठरवून नगरपालिकेपुढे मांडत होती आणि झालेल्या कामावर लक्षही ठेवत होती. तज्ज्ञ बाहेरून आणता येतात, पैसाही येतो, पण निवडून दिलेल्या माणसाच्या मागे लागून काम करवून घेणारी संघटना कोणत्याही करारातून आयात होत नाही.

केनियाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६५ च्या एका सरकारी धोरणपत्रात विकासाचा पैसा जिथे उत्पादन सर्वाधिक वाढेल तिथेच गुंतवावा असे स्पष्ट म्हटले होते. हिशेबाच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध दिसते. पण त्याचा अर्थ असा झाला की उत्तरेकडचे कोरडे, पशुपालकांचे जिल्हे कित्येक दशके रस्ते, शाळा आणि दवाखाने यांना मुकले. २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंटी निर्माण करून त्यांना राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा बंधनकारक केला. त्या उत्तर भागाला स्वतःचे निवडून दिलेले सरकार आणि स्वतःचा अर्थसंकल्प २०१३ मध्ये प्रथमच मिळाला. तिथे भ्रष्टाचार झाला नाही असे कोणीच म्हणणार नाही, पण आपल्या भागाचा रस्ता का झाला नाही हे विचारण्यासाठी तिथल्या मतदाराला आता नैरोबीच्या दाराशी जावे लागत नाही.

मदत देणाऱ्या संस्थांना हे सगळे ठाऊक आहे. निदान त्यांच्या कागदपत्रांत ते असते. अडचण अशी की स्थानिक लोकशाही बळकट करण्याऐवजी त्या सहसा तिच्या शेजारी आपली समांतर व्यवस्था उभी करतात. पाण्याच्या प्रकल्पासाठी एक लाभार्थी समिती, आरोग्यासाठी दुसरी, बचतगटांसाठी तिसरी. प्रत्येक समितीचे नियम वेगळे, बँक खाते वेगळे आणि आयुष्य प्रकल्पाच्या मुदतीइतके. निवडून आलेल्या स्थानिक परिषदेला मात्र या कशाचाही पत्ता नसतो. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धानंतर, २००४ मध्ये, स्थानिक परिषदा पुन्हा सुरू झाल्या. त्या १९७२ मध्ये बरखास्त केल्या गेल्या होत्या. त्याच सुमारास ‘गोबिफो’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, ज्यात गावांना थेट अनुदान, सोबत प्रशिक्षक आणि स्त्रिया व तरुणांना निर्णयात घेण्याची अट होती. कॅथरीन केसी, रेचल ग्लेनर्स्टर आणि एडवर्ड मिगेल यांनी २३६ गावांत त्याचा परिणाम तपासला. गावांत कामे झाली, ती बऱ्यापैकी झाली आणि थोडाफार आर्थिक लाभही दिसला. पण गावातले निर्णय कोण आणि कसे घेतो यात टिकाऊ बदल झाला नाही. प्रकल्पाबाहेरच्या व्यवहारात स्त्रियांचा आवाज पूर्वी होता तेवढाच राहिला. मला याचे आश्चर्य वाटत नाही. दात्याने घातलेली अट पाळण्यासाठी सभेत बसवलेली स्त्री आणि कायद्याने राखीव जागेवरून निवडून आलेली, सही करण्याचा अधिकार असलेली स्त्री यांच्यात फार मोठे अंतर आहे.

हे अंतर भारतात मोजले गेले आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींची तुलना केली, तेव्हा जिथे सरपंचपद स्त्रीकडे होते तिथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाल्याचे दिसले, आणि स्त्रिया ज्या तक्रारी वारंवार मांडत होत्या त्यांतही पाणी अग्रस्थानी होते. अर्थात त्याच घटनादुरुस्तीने पंचायतींकडे कोणते अधिकार द्यायचे हे राज्यांच्या मर्जीवर सोडले, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. निवडणुका लांबवून प्रशासक नेमणे हा तर उघड उघड मतदारांचा अधिकार काढून घेण्याचा प्रकार आहे.

स्थानिक सत्ता म्हणजे गावातल्या धनदांडग्यांची सत्ता, हा आक्षेप जुना आहे आणि तो खरा आहे. गझला मन्सुरी आणि विजयेंद्र राव यांनी २०१३ मध्ये जागतिक बँकेसाठी शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सहभागी प्रकल्पांचा लाभ तुलनेने सधन, शिकलेल्या आणि राजकीय ओळखी असलेल्या लोकांकडे झुकतो हेच पुढे आले. बेंजामिन ओल्कन यांनी इंडोनेशियातील सहाशेहून अधिक गावांत रस्त्यांच्या कामांवर केलेला प्रयोग तर माझ्यासारख्यांना विचारात पाडणारा आहे. गावकऱ्यांना हिशेबाच्या सभेला अधिक संख्येने बोलावल्याने गळती सरासरी फारशी कमी झाली नाही. सरकारी लेखापरीक्षण निश्चित होणार हे आधीच जाहीर केल्याने मात्र ती ८ टक्के बिंदूंनी घटली. यावरून कोणी स्थानिक लोकशाही निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढला तर मी तो मानणार नाही. सभेला बोलावणे म्हणजे सत्ता देणे नव्हे, आणि गावाला अधिकार दिला म्हणून वरच्या सरकारने तपासणीची जबाबदारी झटकावी असेही नाही, एवढेच यातून दिसते. त्या प्रयोगात लेखापरीक्षणाचे निष्कर्ष गावाच्या खुल्या सभेत वाचून दाखवले जाणार होते, ही बाब विसरता कामा नये. वरून येणारी तपासणी आणि खालून विचारला जाणारा जाब एकत्र आले की दोघांनाही धार येते.

आणखी एक धोका आहे, ज्याकडे मदत देणारे देश सोयीस्करपणे दुर्लक्ष करतात. हुकूमशहांना स्थानिक संस्था आवडतात. पाकिस्तानात अयुब खान यांनी १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ आणली, ८० हजार स्थानिक प्रतिनिधी निवडवले आणि त्यांनाच राष्ट्राध्यक्षाचे मतदार बनवले. पुढे झिया आणि मुशर्रफ यांच्या लष्करी राजवटींनीही स्थानिक निवडणुकांचा आधार घेतला. गावाला कारभार आणि देशाला हुकूम, अशा व्यवस्थेत स्थानिक प्रतिनिधी मतदारांचा उरत नाही, राजवटीचा दलाल होतो. म्हणून स्थानिक लोकशाहीला राष्ट्रीय लोकशाहीचा पर्याय म्हणून विकणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाकडे मी संशयाने पाहतो.

करांचा मुद्दा सर्वात कमी बोलला जातो. युगांडाने २००५ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, ‘ग्रॅज्युएटेड टॅक्स’ हा स्थानिक कर बंद केला. तो कर जाचक होता, गरिबांवर अन्यायकारक होता, त्याची वसुली दांडगाईने होत असे, आणि तो सुधारण्याची गरज होतीच. पण त्याच्या जागी तितक्याच ताकदीचे काही आले नाही. स्थानिक परिषदांचे स्वतःचे उत्पन्न आटले आणि त्या केंद्राकडून ठरावीक कामांसाठी येणाऱ्या अनुदानावर अवलंबून राहिल्या. ज्या परिषदेला रुपयाही स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येत नाही, तिच्या सदस्याला मतदार जाब तरी कशाबद्दल विचारणार? परकीय मदतही नेमके हेच करते, फक्त मोठ्या प्रमाणावर.

२०१६ च्या ‘ग्रँड बार्गेन’ करारात देणगीदारांनी मानवतावादी निधीचा २५ टक्के हिस्सा २०२० पर्यंत स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना शक्य तितक्या थेटपणे देण्याचे ठरवले होते, पण प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. देणगीदारांच्या अडचणी मला समजतात. त्यांच्या संसदेला प्रत्येक डॉलरचा हिशेब हवा असतो आणि दूरच्या एखाद्या परिषदेतला घोटाळा मथळा बनतो. पण मदतीचा ओघ आता आटत असताना तरी उरलेला पैसा समांतर समित्यांऐवजी निवडून आलेल्या परिषदांच्या अर्थसंकल्पातून जावा, तो किमान त्या परिषदेच्या एका पूर्ण कार्यकाळासाठी जाहीर केला जावा, त्याचा काही भाग कोणत्याही अटीविना तिच्या निर्णयावर सोडावा, आणि त्याचे लेखापरीक्षण देणगीदाराला इंग्रजीत पाठवण्याआधी मतदारांना त्यांच्या भाषेत मिळावे. काही परिषदा हा पैसा वाया घालवतील. त्यांना शिक्षा करण्याचा पहिला अधिकार मात्र तिथल्या मतदारांचा असावा, आणि तो बजावण्यासाठी पुढची निवडणूक वेळेवर होईल हे पाहणे हीच देणगीदाराची अट असावी.