आईची शोकेस आणि पावणेचार चौरस फूट

डोंबिवलीची आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. 1978 सालची, चार मजली, बिनलिफ्टची, 16 बिऱ्हाडांची. 31 मेच्या आत जागा रिकामी करून किल्ल्या द्यायच्या होत्या. फेब्रुवारीत भाड्याचं घर बघून झालं आणि त्याच रविवारी घरात शोकेसचा विषय निघाला. वहिनी म्हणाली, "आई, नव्या घरी शोकेस नको हं. भिंती मोकळ्या ठेवू या." दादा काही बोलला नाही. आईही नाही. ती उठली आणि शोकेसच्या काचेवरचा एक डाग पदराने पुसत राहिली.

मी नाशिकला असते. रात्री दादाने फोनवर हे सांगितलं आणि मला रडूच आलं. "काही टाकू नका, मी येते," एवढंच म्हटलं. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत घरातल्या वस्तूंचा जेवढा विचार केला, तेवढा आधी कधीच केला नव्हता. तो इथे मांडते आहे. पोस्ट लांबणार आहे.

शोकेस पाच फूट रुंद, सहा फूट उंच, नऊ इंच खोल. सनमायका लावलेली, वर सरकत्या काचा, खाली दोन लाकडी दारं. बाबा रेल्वेत क्लार्क होते. पास मिळायचा म्हणून आमचं फिरणं व्हायचं, आणि पैसे बेताचे म्हणून उतरायचं धर्मशाळेत किंवा स्टेशनच्या रिटायरिंग रूममध्ये. एका प्रवासातून एकच वस्तू आणायची, हा बाबांचा नियम. आग्र्याहून काचेच्या पेटीतला ताजमहाल. श्रीनगरहून अक्रोडाच्या लाकडाचा शिकारा. चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची, हाताला गुळगुळीत लागणारी बाहुला-बाहुली. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं आणि भाज्या. त्यातल्या हिरव्या मिरचीवर दादाच्या दुधाच्या दातांचे दोन वण आहेत, कारण तीन वर्षांच्या दादाला ती खरी वाटली होती. यात भर पडली ती आमच्या शाळेच्या बक्षिसांची, शिंपल्यांच्या गणपतीची, मावशीने विणलेल्या क्रोशाच्या रुमालांची आणि आईच्या भिशीतल्या बायकांनी दिलेल्या भेटींची.

सगळ्यात वर, मधोमध, तंजावरची नाचणारी बाहुली. 1984 साली घेतलेली. कागदाचा लगदा आणि प्लास्टरची असते ही. घागरा, धड, डोकं असे तिचे वेगवेगळे भाग आणि प्रत्येक भाग खालच्या भागाच्या टोकावर नुसता टेकवलेला. बोट लावलं की आधी मान हलते, मग कंबर, मग घागरा, आणि थांबताना हेच उलट्या क्रमाने. मद्रासहून दादरपर्यंत आईने ती मांडीवर धरून आणली. वरच्या बर्थवर ठेवली तर गाडीच्या धक्क्याने फुटेल म्हणून. पुढे कधीतरी तिच्या मानेतली तार तुटली, तेव्हा आईने स्वेटरच्या जुन्या सुईचं टोक कापून तिथे बसवलं. आजही ती हलते. थोडी डावीकडे जास्त झुकते, इतकंच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी आठ दिवसांची रजा काढून गेले. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि आईला म्हटलं, "तू एकेक वस्तू हातात घे आणि सांग, मी लिहून घेते." दोनशे पानी वही केली. एकूण 143 वस्तू निघाल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळी घेतलेल्या गोळ्या तिला दुपारी आठवत नाहीत. पण शिकारा हातात घेतला आणि 1981 सालच्या त्या संध्याकाळी दल सरोवरावर बाबांनी कुठलं गाणं म्हटलं, कांगडी कोणी आणून दिली, शिकाऱ्याच्या किमतीवरून दोघांत कशी कुरबुर झाली, हे सगळं बोलत राहिली. ऐकून मी थक्क झाले. यातलं निम्मंअधिक मी पहिल्यांदाच ऐकत होते. पंचेचाळीस वर्षं मी त्या काचेसमोरून ये-जा केली आणि कधी विचारलंच नव्हतं.

त्या आठ दिवसांत माळाही उतरवला. आठ फूट बाय साडेतीन फूट. त्यावर काय होतं? श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे, तीन बादल्या भरून. बंद पडलेल्या दोन मिक्सरची भांडी. टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट, "दुरुस्तीला द्यावा लागला तर" म्हणून ठेवलेलं, आणि तो टीव्ही विकून बारा वर्षं झालेली. लग्नांत आलेले आणि पुढच्या लग्नात द्यायचे म्हणून ठेवलेले लेमन सेट. चार गाद्या. कशाच्या आहेत ते कोणालाच न सांगता येणाऱ्या वायरी. हे सगळं खाली आलं आणि एक छोटा हत्ती टेंपो शिगोशीग भरून गेला. शोकेसमधल्या 143 वस्तू मात्र चार खोक्यांत मावल्या. जमिनीवर शोकेसने अडवलेली जागा मी मोजली, तर ती पावणेचार चौरस फूट भरली. माळ्याची जागा 28.

माझं म्हणणं हेच आहे, आणि ते मी अगदी ठामपणे मांडते. घरातल्या पसाऱ्याचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड पडते ती शोभेच्या वस्तूंवर, कारण त्या दिसतात आणि "काय उपयोग आहे हिचा?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. डब्यांकडे असतं. वायरींकडे असतं. "लागेल कधीतरी" या दोन शब्दांच्या आधारावर आपल्या घरांमध्ये टनावारी सामान जगतंय. माझ्या मते घर भरतं ते या "लागेल" मुळे. बाहुलीने घर भरत नाही.

मोकळ्या घराचं मोल मला कळतं. वनरूम-किचनमध्ये पाच माणसं राहिलेल्या बाईला ते कोणी समजावून सांगायला नको. गाडगेबाबांच्या हातात एक गाडगं आणि एक खराटा असायचा आणि एवढ्यावर त्या माणसाने महाराष्ट्र झाडून काढला. त्यागातून आलेला तो मोकळेपणा आहे आणि त्याच्यापुढे मी मान झुकवते. पण हल्ली घरं सजवणाऱ्यांकडून जो मोकळेपणा मिळतो तो वेगळा. माझ्या एका नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटमध्ये जुनं सगळं काढून टाकलं, भिंती पांढऱ्या केल्या, आणि मग त्या बोडक्या दिसतात म्हणून एकाच दुकानातून तीन फुलदाण्या, एक धातूचं हरीण आणि कसलीशी गोल कडी असा संच आणून मांडला. घरातल्या कोणालाही त्यातल्या एकाही वस्तूबद्दल एक वाक्य सांगता येत नाही. आजोबांचा पितळी पानाचा डबा मात्र मोडीत गेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मारी कोंडो या जपानी बाईंचं नाव तर घराघरांत पोचलंय. त्यांचं नाव घेऊन पोतीच्या पोती बाहेर काढणारे लोक मी पाहिलेत. पण त्यांची पद्धत नीट बघा. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, ती हातात असताना आनंद होतो का ते स्वतःला विचारायचं, आणि निरोप द्यायचाच असेल तर तिचे आभार मानून द्यायचा. पोत्यात कोंबण्याच्या अगदी उलट आहे हे. आपल्याला तर ते नवं वाटायलाही नको. खंडेनवमीला आई शिवणाच्या मशीनला हळदकुंकू वाहते, बाबा असताना त्यांच्या पान्या-स्क्रूड्रायव्हरलाही वाहायची. वस्तूला मान द्यायचा असतो, हे आपल्या घरांतलंच वळण आहे.

या आठ दिवसांनंतर नाशिकला परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून पुण्यात थांबले आणि बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, गावोगाव फिरून लोकांच्या घरांतून वस्तू गोळा करत राहिले. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, फण्या, भांडी, नक्षीची दारं. राजेरजवाड्यांची शस्त्रं आहेत तिथे, पण मी खिळून उभी राहिले ती अडकित्त्यांसमोर. सुपारी कातरायची साधी वस्तू, आणि कोणा लोहाराला ती घोड्याच्या किंवा पाखराच्या आकाराची करावीशी वाटली! यातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी घरात कधी ना कधी अडगळ ठरली असणार. केळकरांनी हात पुढे केला म्हणून त्या राहिल्या. हजारो वस्तूंचा संग्रह उभा केला आणि पुढे शासनाच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या, स्वाधीन केला.

म्हणून प्रत्येकाने घराचं संग्रहालय करावं असं मी म्हणत नाही. संग्रहालयात वस्तू पुसायला माणसं असतात, आणि इथेच मला वहिनीची बाजू लिहायची आहे. कारण ती मला उशिरा कळली.

दिवाळीच्या आधी शोकेस उतरवायला दोन दिवस लागायचे. ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं नाही, रंग जातो. कोरड्या मलमलीने पुसायचं. पितळेला चिंच नाहीतर पितांबरी. क्रोशाचे रुमाल कोमट पाण्यात. शिंपल्यांचा गणपती ब्रशने. शिकाऱ्याला भुंगा लागला होता एकदा, लाकडाचा भुसा पडायचा, तर त्याच्या भोकाभोकांत रॉकेलचे थेंब सोडून तीन दिवस उन्हात ठेवला होता. हे सगळं आई करायची. तिचे गुडघे गेले तशी नऊ वर्षांपूर्वीपासून वहिनी करायला लागली, ठाण्याची नोकरी सांभाळून, आठ बावीसची लोकल पकडून. ना तिने तंजावर पाहिलेलं, ना श्रीनगर. तिने मला शांतपणे विचारलं, "ताई, या आठवणी तुमच्या आहेत. धूळ माझ्या वाट्याला का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाशिकहून फोन करून "टाकू नका" म्हणणं सोपं होतं. ज्याला वस्तू हवी, त्याने ती पुसावी. मला वाटतं, घराघरांतल्या या भांडणाचं मूळ वस्तूंच्या संख्येत नसून इथे आहे. आठवणी सगळ्या घराच्या आणि फडकं एकीच्याच हातात! सासूने जपलेलं सुनेने पुसायचं आणि मुलांनी फक्त "आमच्या घरचं आहे" म्हणायचं, हे आता चालणार नाही, चालूही नये.

वाट काढली ती आईनेच. चैत्र लागला होता. जुन्या घरातली शेवटची चैत्रगौर. आमच्याकडे तिजेला गौर पाळण्यात बसते आणि मग एखाद्या शुक्रवारी हळदीकुंकू असतं. लहानपणी मी आणि शेजारच्या मुली शोकेस रिकामी करून गौरीपुढे पायऱ्यांची आरास मांडायचो. डब्यांवर फळ्या, फळ्यांवर आईची ठेवणीतली साडी आणि त्यावर सगळ्या वस्तू. वाटली डाळ आणि पन्हं घेऊन बायका बसायच्या आणि एकेक वस्तू उचलून "ही कुठली?" विचारायच्या. आई म्हणाली, "सगळी आरास एकदा मांडू या. आणि यंदा वाण संक्रांतीला नाही, चैत्रात लुटते मी."

आणि तिने खरोखरच लुटलं. बिल्डिंगमधल्या बायका आल्या, सोडून गेलेल्या जुन्या शेजारणी कल्याण-बदलापूरहून आल्या. ओटीत हरभरे घातले की आई म्हणायची, "यातलं काय आवडलंय ते घे." आधी सगळ्या संकोचल्या. मग तळमजल्यावरच्या काकूंनी आग्र्याचा ताजमहाल घेतला. तो आणल्या दिवशी त्यांच्याच घरी पहिल्यांदा उघडला होता, कारण आमच्या घराची किल्ली हरवली होती. मला हे ठाऊकही नव्हतं. त्या संध्याकाळी 48 वस्तू गेल्या. प्रत्येकीने आपण काय नेतोय आणि का, ते वहीत लिहिलं.

ज्यांच्याबद्दल आईला काहीच सांगता आलं नाही अशा वस्तू निघाल्या 32. त्यातल्या 31 तिने स्वतःच बाजूला केल्या. पाळणाघर चालवणाऱ्या एका बाईंनी त्या नेल्या.

उरल्या 64. त्यातलं एक खोकं मी नाशिकला आणलंय. बाकीची आईच्या पलंगाखाली आहेत, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून, डांबरगोळ्या घालून. भाड्याच्या घरात शोकेस नाही. भिंती मोकळ्या आहेत. एका छोट्या फळीवर एका वेळी पाच वस्तू असतात आणि दर महिन्याला बदलतात. बदलायचं आणि पुसायचं काम दादाकडे आहे. पहिल्या महिन्यात त्याने तंजावरची बाहुली आणि दातांच्या वणांची मिरची मांडली. परवा वहिनीने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मान डावीकडे जास्त झुकते ना? मी टेकू बदलून बघू का?"

आणि ती बत्तिसावी वस्तू. निळ्या काचेचं बदक, अंगठ्याएवढं, चोचीला टवका उडालेला. कुठून आलं, कोणी दिलं, आईला काही म्हणजे काही आठवत नाही. वहीत त्याच्यापुढे नुसता क्रमांक आहे, 117. मी तीनदा विचारलं, "मग देऊन टाकू या का?" तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "राहू दे गं. आठवेल."