चुकलेल्या इंजेक्शनचा हिशेब कोण ठेवणार?

परवा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर एकाने उभ्या गाडीची काच दगडाने फोडली. खिडकीशी बसलेल्या कॉलेजच्या मुलीच्या कपाळाला टाके पडले. रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, उचला आणि कायमचा आत टाका. दुसऱ्याचं, वेडा आहे बिचारा, सोडून द्या. मला दोन्ही पटत नाही, कारण गेली काही वर्षं हेच दोन्ही आलटून पालटून चालू आहे.

आधी भीतीबद्दल बोलू. शेवटच्या गाडीने उतरून अंधारात वाडीपर्यंत चालत जाणाऱ्या बाईला "तो आजारी आहे, समजून घ्या" असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिची भीती खरी आहे. त्याच वेळी हेही खरं, की बहुतेक मनोरुग्ण कुणाला बोटही लावत नाहीत. उलट स्टँडवर, बाजारात मार तेच खातात. धोका वाढतो तो औषध बंद पडलेलं असताना, कानात आवाज येत असताना, आणि त्यात दारूची भर पडली की.

काच फोडणारा हा माणूस मी लांबून ओळखते. नाव-गाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो कलमांना पाणी घालायचा, हंगामात आंब्याच्या पेट्या भरायचा. आई दर महिन्याला त्याला तालुक्याहून जिल्ह्याला न्यायची, त्याच्या मानसिक आजारावरचं इंजेक्शन देऊन आणायची. ही इंजेक्शनं पंधरा दिवस ते महिनाभर काम करतात. रोज गोळी घेतली की थुंकली, ही कटकट राहत नाही. मग आईचंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक वारी चुकली, मग दुसरी. दिवसाची मजुरी बुडवून त्याला नेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. कुणीतरी बाहेरची बाधा म्हणालं, भगताकडे कोंबडा गेला. तिच्या पत्र्याच्या डब्यात मुलाच्या डिस्चार्जचा कागद आजही आहे, चार घड्या घातलेला, पुढच्या तारखेसकट. ती तारीख उलटून गेल्यावर एकाही सरकारी खात्यातून त्या घरी साधा फोन आला नाही.

त्यानंतर त्याने एका टपरीची मोडतोड केली, मग एका म्हातारीला ढकललं, आणि आता ही काच. दर वेळी पोलिसांनी नेलं, दोन फटके दिले, सकाळी सोडलं. मागच्या खेपेला आम्ही काही जण ठाण्यात गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, येड्यावर काय केस करणार?"

केस बाजूला ठेवू. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० सांगतं की आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेली व्यक्ती हद्दीत आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. शिवाय न्यायदंडाधिकारी तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

जो शुद्धीत असून पुन्हा पुन्हा चेन खेचतो, दारू पिऊन सुरा काढतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यावर वेळेत आरोपपत्र जावं, तडीपारी लागत असेल तर लावावी, त्यात मला दयामाया नाही. पण आजारी माणसाला जिल्ह्याबाहेर काढलं तर तो चिपळूणच्या ऐवजी महाडच्या स्टँडवर दगड उचलेल. कोकण रेल्वेच्या फलाटांवर भाषा न कळणारी, कुठून आली ते सांगता न येणारी माणसं दिसतात ना? कुणीतरी आपल्या हद्दीतून त्यांना असंच पुढे ढकललेलं असतं.

आणि हे रत्नागिरी जिल्ह्यात व्हावं याचा मला जास्त संताप येतो. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं मोजकी: ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. आपलं १८८६ सालचं, म्हणजे ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं त्याच वर्षीचं. तिकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोचवते. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे हे काम होतं, आपल्याच पट्ट्यात होतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर आढळले. आमच्या तालुक्यात तरी मोठी गळती दाखल करताना नाही, घरी सोडल्यानंतर आहे.

मला हवंय ते एवढंच: डिस्चार्ज झालेल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत असावं. इंजेक्शन तिथेच मिळावं, जिल्ह्याला जावं लागू नये. तारीख चुकली की आशाताईने चौथ्या दिवशी दार वाजवावं आणि त्या कामाचे तिला वेगळे पैसे मिळावेत, फुकटात तिच्यावर आणखी एक काम लादू नये. लसीकरणाला बाळ आलं नाही तर आपण घरी जातोच की.

सोमवारी आम्ही काही जण कलम १०० चा उल्लेख करून ठाण्यात लेखी अर्ज देतोय आणि पोच घेतोय. जखमी मुलीचे वडीलही सही करणार आहेत. तुमच्या गावात अशी परिस्थिती असेल तर मेसेज करा, अर्जाचा मसुदा पाठवते. घरात कुणाला त्रास होत असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मोफत आहे, मराठीत बोलतात.