कॉलम सेंटीमीटरातली चित्रकला

साहेब, तीस वर्षं वर्तमानपत्राचा जाहिरात विभाग सांभाळलात, निरोपाचा नारळही घेतलात. आता चित्रकार व्हा. परवाच्या रविवारी कोल्हापुरात असंच एका चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन दीड तास उभं राहून सोसलं. त्यातून सुचलेले हे सल्ले.

आधी हॉल बुक करा. चित्रं मागनं होतील.

जलरंगाच्या वाटेला जाऊ नका. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड सुती कागद आणा, भिजवा, चारी कडांना गमटेप लावून पाटावर ताणा, रात्रभर वाळू द्या. एवढं करून आभाळ एकदा गढूळलं की संपलं. तुमचा जन्म ४५ जीएसएमच्या न्यूजप्रिंटवर गेला, त्यावरच चारकोल ओढा. थोडं ऊन लागून पिवळा पडला की ‘सुरुवातीच्या काळातलं काम’ म्हणून लावता येतो.

रंकाळा तलाव काढायला रंकाळ्यावर कशाला जायचं? मोबाइलमधला फोटो प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर पाडा आणि गिरवा. पाण्यातला दगडी संध्यामठ वर जसा, तसाच खाली उलटा. पाण्यात उजेडाची बाजू जरा गडद आणि सावलीची जरा फिकी दिसते, पण ते कळायला काठावर बसावं लागतं.

तैलरंग मात्र हवेतच, भाव येतो. उद्घाटनाला आठवडा उरला की सुरुवात करा. खालच्या थरात जवसाचं तेल भरपूर, वरच्यात टर्पेंटाइन जास्त, म्हणजे शिकवतात त्याच्या बरोबर उलटं. हा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतो. वरचा पातळ थर आधी कडक होतो, खालचा तेलकट थर अजून हलत असतो, आणि मग भेगा. अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, दोन-तीन दिवसांत वाळेल. टायटॅनियम व्हाइट आठवड्यानंतरही बोटाला लागतो. त्यावर तुम्ही व्हार्निश फासता! जाड थराला सहा महिने, वर्षसुद्धा थांबायचं असतं हो. तुम्हाला रात्री छपाईला पान सोडायची घाई असेल, जवसाच्या तेलाला डेडलाइन कळत नाही. परवाच्या मोठ्या चित्रात आभाळभर गोल गोल ठसे होते. प्रमुख पाहुणे म्हणाले, “काय पोत आहे!” पोत कसला डोंबलाचा, ओल्या रंगावर बबल रॅप गुंडाळून टेम्पोतनं आणलेलं ते!

किंमत सोपी, जाहिरातीसारखीच. रुंदी कॉलममध्ये, उंची सेंटीमीटरमध्ये, गुणिले दर. दारासमोरच्या भिंतीला पहिल्या पानाचा जादा आकार.

समीक्षेसाठी जुन्या ऑफिसात फोन लावा.

लावलातच म्हणा. त्याच आठवड्यात कलाशाळेतल्या पाच पोरांचं प्रदर्शन होतं. त्यांना चार ओळी, त्याही हॉलचं नाव चुकवून. तुम्हाला अर्धं पान, रंगीत. साठीत ब्रश धरला म्हणून या गावात कुणी हसत नाही. चंद्रकांत मांडरे पडद्यावरचे हिरो, पण निसर्गचित्रं काढायचे. राजारामपुरीत त्यांचं संग्रहालय आहे, तिकडं कधी पाय वळले का? पेन्शन आहे, दुपार मोकळी आहे, पोरांकडं नाही तो निवांतपणा आहे, आणि तरी सात दिवसांत उरकायचं? लाज वाटू द्या जरा. वर्षभर कुणालाही बोलवू नका. पंचगंगेच्या घाटावर स्केचबुक घेऊन बसा, पानं खराब करा. आणि ते ठशांचं चित्र आज उतरवा. कुणी घेतलं असेल तर पैसे परत द्या. त्याच्या भिंतीवर ते अजून वाळतंय.