खुलासा: कासवाला ऊन हवं, पण सावलीसकट

‘उन्हाळ्यात कासव अंगणातल्या टाक्यात सोडा, जितकं ऊन तितकं चांगलं’ हा नागपुरात फिरणारा मेसेज अर्धाच खरा आहे. घरी पाळतात त्या लाल कानाच्या कासवाला (रेड-इअर्ड स्लायडर) कवचासाठी थेट ऊन लागतंच. खिडकीच्या काचेतून आलेलं कामाचं नाही. पण मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो आणि कासवाला पाणी हवं साधारण २४ ते २८ अंशांचं. उथळ टबात दुपारी हात घालवत नाही, आणि कासवाचं अंगही त्या पाण्याबरोबरच तापत जातं. टाकं दोन-तीन फूट खोल हवं, अर्ध्या भागावर सावलीसाठी हिरवी जाळी, चढून बसायला दगड. एवढं जमत नसेल तर मे महिनाभर घरातच ठेवा. आणि कळकळीची विनंती, कंटाळा आला म्हणून फुटाळा तलावात सोडू नका. ते परदेशी आहे, आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं.