‘काही लागत नाही’ म्हणणाऱ्यांच्या हातात एकदा माझी फाइल द्या

ज्यांनी ज्यांनी मला ‘ए लेव्हलला दहावी लागत नाही हो मॅडम, काही म्हणजे काही लागत नाही’ असं हसतहसत सांगितलं (ए लेव्हल म्हणजे केंब्रिजची, आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा), त्या सगळ्यांना माझी फाइल काखेत देऊन मुंबईभर फिरवायचंय. मे महिन्यात, चर्चगेट फास्टने, उभ्याने.

मुलाने दहावीच्या मध्यावर शाळा सोडली. का सोडली ते विचारू नका. ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी तेव्हा विचारलं नाही. तो नापास झालेला नाही, परीक्षेला बसलाच नाही. पण हा फरक आमच्या सोसायटीत एकाच्याही डोक्यात शिरत नाही. निकालाच्या दिवशी खालच्या काकू मुद्दाम पेढे घेऊन वर आल्या, ‘तुमच्याकडचे कधी?’ म्हणून. पेढा चांगला होता, खाल्ला. काय बोलणार!

तर मूळ मुद्दा. केंब्रिजच्या ए लेव्हलला बसायला आधीची कुठलीही परीक्षा पास असण्याची अट खरोखरच नाही. आयजीसीएसई, म्हणजे त्यांची दहावी, केलेली असली तर बरं, एवढंच ते म्हणतात. शाळेत नसाल तर प्रायव्हेट कँडिडेट म्हणून एखाद्या मान्यताप्राप्त सेंटरमधून फॉर्म भरा, विषय निवडा, परीक्षा द्या. हे सगळं खरं आहे, आणि क्लासवाले नेमकं इथेच थांबतात. पुढचं कुणी सांगत नाही, कारण पुढचं सांगितलं तर फीचा पहिला चेक कोण फाडणार?

पुढचं मी सांगते. पोरगा हुशार आहे, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स करायचंय. मॅथ्स सोपं, सगळे लेखी पेपर. पण फिजिक्स-केमिस्ट्रीला एक पेपर लॅबमध्येच द्यावा लागतो. दोन तास ब्युरेट, पिपेट, टायट्रेशन, वाचनं लिहा, चुका कुठे संभवतात ते लिहा. ही लॅब सेंटरने द्यायची असते. आता मुंबईतल्या सेंटरना फोन लावा आणि बघा. ‘आम्ही प्रॅक्टिकलला फक्त आमच्याच शाळेची मुलं घेतो.’ ‘प्रायव्हेटला घेतो, पण प्रॅक्टिकल नसलेले विषय असतील तर.’ एका ठिकाणी तर ‘मॅम, बिझनेस स्टडीज घ्या ना, छान स्कोअरिंग आहे’ असं सुचवलं. अहो, त्याला केमिस्ट्री हवंय! भाजीवाल्याकडे मेथी मागितली तर तोही आधी ‘नाही’ म्हणतो, मग शेपू दाखवतो. ह्यांनी ‘नाही’सुद्धा म्हटलं नाही.

आणि त्यातही एक दिव्य काउन्सेलर भेटले. गळ्यात आयडी कार्ड, समोर लॅपटॉप, भिंतीवर परदेशी विद्यापीठांचे झेंडे. म्हणाले, ‘प्रॅक्टिकलचं टेन्शनच घेऊ नका, अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल म्हणून लेखी पेपर असतो, तो घेऊ.’ मी घरी येऊन सिलॅबस उघडला. तो पर्याय आयजीसीएसईला आहे, म्हणजे दहावीच्या पातळीला. ए लेव्हलला नाही! हा माणूस दिवसभर हेच विकतो, आणि सिलॅबसची पीडीएफ फुकट मिळते ती त्याने उघडलेली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं तर म्हणे, ‘हो का? चेक करून सांगतो.’ अजून चेक करतोय.

‘मग आयबी करा’ हा सल्ला देणाऱ्यांची वेगळी रांग लावायला हवी. आयबी डिप्लोमा म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, बारावीच्या पातळीचा दुसरा परदेशी अभ्यासक्रम. तो घरून, खासगीरीत्या होत नाही, त्यासाठी आयबीची मान्यता असलेली शाळाच हवी. सहा विषय, त्यातले निदान तीन हायर लेव्हलचे, वर चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, थिअरी ऑफ नॉलेज आणि कॅस, म्हणजे कला, खेळ, समाजसेवा असले उपक्रम. ४५ पैकी गुण. हे सगळं शाळेत बसूनच. आणि त्या शाळेची फी लाखांत. पैसे मोजून प्रवेश मागायला गेलं तरी अॅडमिशनच्या खिडकीत पहिला प्रश्न काय? ‘टेन्थची मार्कशीट?’

त्या खिडकीचा मला राग नाही, खरं सांगते. दहावी मागणारा निदान मागतो तरी. राग आहे तो ‘काही लागत नाही’वाल्यांचा, कारण सगळीकडे काहीतरी लागतंच. भारतात पुढे कॉलेज करायचं तर ए लेव्हलच्या निकालाला बारावीशी समकक्ष ठरावं लागतं, आणि तिथे मागचा दहावीच्या तोडीचा निकालही बघतात. इंजिनीअरिंगच्या सीईटीला महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून उभं राहण्याची सरळ वाट म्हणजे दहावी आणि बारावी दोन्ही इथल्याच संस्थेतून. परदेशी जायचं म्हटलं तर इंग्लंडमधली कितीतरी विद्यापीठं ए लेव्हलसोबत इंग्रजी आणि गणित जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या दहावीच्या पातळीला पास असल्याचा पुरावा मागतात. म्हणजे पुढे गेलेल्या पोराने मागे वळून दहावीचं गणित सिद्ध करायचं.

बरं, इंग्लंडच्या विद्यापीठांच्या अर्जात शिक्षकाचं रेफरन्स आणि प्रेडिक्टेड ग्रेड्स लागतात. शाळेतल्या मुलाला ते शाळा देते. घरी बसून शिकणाऱ्याला कोण देणार, मी? ह्यावर एका क्लासचं उत्तर होतं, ‘ते पॅकेजमध्ये इन्क्लूडेड आहे.’ मुलाला एकदाही शिकवलेलं नाही, आणि त्याला किती मार्क पडतील हे पॅकेजमध्ये इन्क्लूडेड!

आता शाळेचा दाखला. जुन्या शाळेत गेले. आधी सांगितलं, पूर्ण वर्षाची फी भरा. भांडले, अर्ज दिले, शेवटी क्लार्क दाखला लिहायला बसला आणि अडला. ‘पुढच्या शाळेचं नाव?’ म्हटलं, पुढची शाळा नाही. त्याने पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, मग शाळा सोडायचं कारण काय लिहू?’ मी म्हटलं, लिहा, पालकांच्या विनंतीवरून. ‘विनंती कसली?’ म्हणाला. पाठीमागून दुसरा ओरडला, ‘अरे सतरा नंबर फॉर्म भरायला सांग त्यांना!’ आणि खरं सांगू का, सगळ्या मुंबईत पहिलं कामाचं वाक्य त्या पाठच्या माणसाच्या तोंडून निघालं.

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून. नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, जिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत विषय तुकड्यातुकड्याने सोडवता येतात. नाहीतर पाच विषयांचं आयजीसीएसई प्रायव्हेट, जिथे तो लेखी प्रॅक्टिकलचा पेपर खरंच आहे. तीन वाटा आहेत, तिन्ही सरळ आहेत, आणि एकाही पांढरपेशा काउन्सेलरने त्यातली एकही तोंडातून काढली नाही. कारण एनआयओएस सुचवून कमिशन मिळत नाही. शाळेच्या ऑफिसातल्या, चहा पिणाऱ्या, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्या माणसाने त्यातली एक तरी फुकट सांगितली.

आता आम्ही एनआयओएसची दहावी आणि ए लेव्हलचं मॅथ्स एकदम चालवतोय. पोरगं सकाळी इंटिग्रेशन करतं आणि दुपारी दहावीचं विज्ञान वाचतं, पाठ्यपुस्तकात पानाच्या कडेला चित्रं काढत. कंटाळतो. ‘आई, हे मला येतं गं’ म्हणतो. माहितीये रे, येतं. पण ते छापील कागदावर आलेलं हवंय, त्यावर शिक्का हवाय, आणि मग त्याची झेरॉक्स.

केमिस्ट्रीची लॅब अजून मिळालेली नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कुठेही प्रायव्हेट मुलाला ए लेव्हलचं प्रॅक्टिकल देऊ देणारं सेंटर तुमच्या पक्क्या माहितीत असेल तर सांगा. पक्क्या. ‘मिळून जाईल’ नको, ‘माझ्या वहिनीच्या भाच्याने केलं होतं’ नको, आणि देवाशप्पथ, कुठल्याही क्लासचा नंबर पाठवू नका.