प्रमाणपत्रं नकोत, वेळापत्रकात दोन तास द्या

भर मे महिन्यात, जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना, प्राध्यापकांना एका सेमिनार हॉलमध्ये कोंबायचं. शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक उरकेपर्यंत साडेअकरा वाजवायचे. मग प्रोजेक्टरवर मूडलचं, म्हणजे ऑनलाईन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरचं, एकेक बटण दाखवायचं आणि चार वाजता ग्रुप फोटो काढून प्रमाणपत्र वाटायचं. याला तंत्रज्ञानाधारित अध्यापनाचं प्रशिक्षण म्हणतात. बंद करा हे! जूनमध्ये वर्गावर गेल्यावर त्या शिक्षकाला यातलं काहीही उपयोगी पडत नाही.

मुळात क्रमच उलटा आहे. आधी साधन शिकवायचं आणि मग विचारायचं, सर, आता वर्गात याचं काय करणार? सर काय करणार! जुनी पीपीटी अपलोड करतात आणि कागदोपत्री कोर्स ऑनलाईन होतो.

अभ्यासक्रमाची फेररचना शेवटाकडून सुरू करायची असते. चार क्रेडिटचा थिअरीचा पेपर म्हणजे ६० तास. त्यातलं १५ तासांचं एकच युनिट घ्या. ते संपल्यावर पोरांना नेमकं काय करता आलं पाहिजे, याची तीन वाक्यं लिहा. त्यात ‘समजेल’, ‘माहिती होईल’ चालणार नाही, कारण ते मोजता येत नाही. ‘दिलेल्या ताळेबंदावरून चालू गुणोत्तर काढेल आणि या दुकानाला उधारीवर माल द्यावा की नाही ते कारणासह सांगेल’, हे मोजता येतं. मग ते तपासणारा प्रश्न काढा. मग त्या प्रश्नापर्यंत नेणारा सराव ठरवा. साधनाचा विचार सगळ्यात शेवटी: मूडल लागतं, गूगल फॉर्म पुरतो, की खडू-फळाच बरा? पुष्कळदा फळाच बरा असतो आणि तसं स्पष्ट सांगणारा माणूस प्रशिक्षणात हवा. आज काय होतं? सीओ-पीओचा, म्हणजे पेपरची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवणारा तक्ता परीक्षा झाल्यावर, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाईल लावताना, जुळणीचे १-२-३ आकडे टाकून भरला जातो. शिकवून झाल्यावर उद्दिष्टं लिहायची, ही कुठली रीत?

आता फाँटचं बघा. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या नोट्स आणि प्रश्नसंच वर्षानुवर्षं कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फाँटांत टाइप केलेले असतात. ते मूडलमध्ये पेस्ट केले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं, करावं लागतं आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी नजरेखालून घालावी लागते, कारण बिघाड तिथेच होतो. एकेन पद्धतीने, म्हणजे प्रश्न-पर्याय साध्या मजकुरात लिहून, मूडलवर एकदम ५० प्रश्न चढवायचे तर साधी टेक्स्ट फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करावी लागते, एएनएसआयमध्ये केली तर सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसतं. पर्यायांची अक्षरं आणि उत्तराची ओळ मात्र इंग्रजी कॅपिटलमध्येच हवी. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. पण प्रशिक्षणाचे नमुने सगळे इंग्रजीत, त्यामुळे ही अडचण तिथे उभीच राहत नाही. ती घरी रात्री अकरा वाजता उभी राहते, तेव्हा विचारायला कोणी नसतं.

आणि पोरांचं काय? धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून येणारी, घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी पोरं. इकडे शहादा, अमळनेरकडची अहिराणी बोलणारी. त्यांच्यापुढे फुल एचडीत रेकॉर्ड केलेलं ४५ मिनिटांचं लेक्चर टाकतात! दिवसाच्या दीड जीबीच्या पॅकवर ते कसं उतरायचं? तेच ८ मिनिटांच्या आवाजात बसवा. मोनो, ३२ केबीपीएस ठेवलं तर फाईल जेमतेम २ एमबी होते, सोबत दोन पानांची पीडीएफ द्या. मूडलच्या मोबाईल ॲपमध्ये चाचणी ऑफलाईन सोडवता येते, पण ती सोय शिक्षकाने सेटिंगमध्ये चालू करावी लागते आणि वेळेची मर्यादा लावली की ती चालत नाही. उत्तराचा निकालही प्रत्येक प्रश्नानंतर नाही, शेवटीच दाखवायचा असा पर्याय निवडावा लागतो. रेंज नसलेल्या गावासाठी याहून कामाची गोष्ट नाही आणि नेमकी तीच कोणी शिकवत नाही.

दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणीला लागला की वर्ग रिकामे होतात. हे खान्देशात दरवर्षी ठरलेलं आहे. तरी अंतर्गत मूल्यमापनाची तारीख त्याच आठवड्यात टाकतात आणि पोरांना शेरा देतात ‘अनियमित’! एका तारखेऐवजी दहा दिवसांची खिडकी ठेवा, दोन प्रयत्न द्या, प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न जातील असं लावा. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नाही.

अवघड आहे ती वेळ. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यावर प्रवेश समिती, परीक्षा, निवडणुकीची कामं, अहवाल. एक युनिट नीट फेरबांधायचं तर महिनाभर आठवड्याला दोन तास सलग लागतात, ते कुठून आणायचे? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं तर विचारूच नका. पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासांचे, तयारीचे शून्य. सत्र संपलं, नेमणूक संपली, लॉगिन बंद. पुढच्या वर्षी नवा माणूस रिकाम्या पानापासून सुरू करतो, कारण जुन्या कोर्सचा बॅकअप काढून ठेवायचं कुणालाच सुचत नाही. मूडलमध्ये कोर्सचा बॅकअप काढायला काही मिनिटं लागतात हो!

तेव्हा मागणी साधी आहे. ६० जणांचा मेळावा नको. एका विषयाचे पाच-सहा शिक्षक, सोबत तो विषय आणि मूडल दोन्ही कळणारा एक माणूस, एकच युनिट, सलग चार आठवडे. ऑगस्टमध्ये त्याच माणसाने वर्गात मागे बसून काय अडतंय ते बघायचं आणि तिथेच दुरुस्त करायचं. शिक्षकांचे या कामाचे आठवड्याचे दोन तास कार्यभारात धरायचे, तासिका तत्त्वावरच्यांना त्या तासांचे पैसे द्यायचे. वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यात पक्कं होतं. हे दोन तास त्याआधी बाजूला काढा, नंतर कोणी देत नाही.