पहिलं व्हर्जन बरं होतं

'नो फिल्टर' लिहून फोटो टाकणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. फिल्टर लावणाऱ्यांवर नाही हां, ते बिचारे सरळ असतात, छान दिसायचंय त्यांना, दिसू दे की. पण वीस-पंचवीस फोटो काढायचे, त्यातला एक निवडायचा, केस नीट मापात विस्कटायचे आणि वर 'ही मी, अशीच आहे' म्हणायचं, हे मला झेपत नाही. आणि हे मी हक्काने बोलतेय कारण मी त्यातलीच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. आठवड्याभराने मी इथेच, फेसबुकवर, पोस्ट लिहिली, 'मनातलं, जसंच्या तसं' छापाची. धो धो लाइक्स. 'किती धीट गं तू', 'एवढं खरं लिहायला हिंमत लागते' वगैरे वगैरे, आणि मी पण प्रत्येकाला बदाम देत बसले होते. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा मेसेज आला, एकच ओळ: 'पहिलं व्हर्जन बरं होतं गं.'

मला आधी कळेचना. मग पेटली ट्यूब. पोस्ट एडिट केली की त्या तीन टिंबांच्या मेनूत एडिट हिस्टरी राहते आणि ज्याला पोस्ट दिसते त्याला ती पण दिसते. माझे नऊ एडिट होते. नऊ! पहिल्यात लिहिलं होतं की मला रडू वगैरे काही येत नाहीये, नुसता संताप येतोय, आणि ज्यांची नोकरी टिकली त्यांचा सगळ्यात जास्त येतोय. नवव्यात त्याच वाक्याचं 'सर्व सहकाऱ्यांना मनापासून शुभेच्छा' झालं होतं. मधले सगळे टप्पे एकेक करून वाचले आणि लाज वाटली, कारण प्रत्येक एडिटमागे कोणीतरी होतं. जुन्या साहेबांचा लाइक आला म्हणून एक वाक्य गेलं, काकूंनी 'काळजी घे बाळा' लिहिलं म्हणून एक शिवी गेली, नवीन नोकरीसाठी कोणी प्रोफाइल बघेल म्हणून आख्खा परिच्छेद गेला.

आता याला खोटेपणा म्हणायचं का? मला नाही वाटत. 'चारचौघांत नीट वाग' हे आपण लहानपणापासून ऐकतोच, पण तेव्हा चारचौघं वेगवेगळी असायची. ऑफिसात एक चेहरा, घरी दुसरा, शाळेतल्या मैत्रिणींत तिसराच, आणि त्याला कोणी ढोंग म्हणत नव्हतं. इथे ही सगळी मंडळी एकाच खोलीत बसलीयेत. अभ्यासक याला कॉन्टेक्स्ट कोलॅप्स म्हणतात. झुकरबर्ग एकेकाळी म्हणाला होता की दोन-दोन ओळखी ठेवणं हे सचोटी नसल्याचं लक्षण आहे. बरोबर आहे, त्याच्या पोस्टखाली माझे साहेब आणि माझ्या काकू एकदम येत नाहीत ना. या सगळ्यांना एकाच वेळी चालेल असं काय उरतं, तर शुभेच्छा.

आणि खरेपणाची सक्ती करूनही बघितलीय की लोकांनी. बी-रिअल नावाचं अ‍ॅप २०२० मध्ये फ्रान्समध्ये आलं आणि २०२२ मध्ये तुफान चाललं. दिवसातून एकदा कधीही नोटिफिकेशन येणार, दोन मिनिटांत पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांनी एकदम फोटो, फिल्टर नाही. पण उशिरा टाकायची सोय होती, मग काय, लोक कुठेतरी मस्त ठिकाणी पोचेपर्यंत थांबायला लागले आणि तिथून 'अचानक' फोटो. २०२४ मध्ये ते एका मोबाइल गेम्सच्या कंपनीने ५० कोटी युरोंना घेतलं.

मला सगळ्यात जास्त छळतो तो एक जुना प्रयोग. १९७७ मध्ये अमेरिकेत मुलींना स्वतःचे दोन फोटो दाखवले होते, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. बहुतेकींना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. साधं कारण, ज्याची सवय तेच छान वाटतं. सेल्फी काढताना स्क्रीनवर पण आरसाच दिसतो आणि म्हणून दुसऱ्याने काढलेल्या फोटोत आपण 'ही कोण बाई' वाटतो. म्हणजे बघा, मी ज्या चेहऱ्याला 'खरी मी' समजून बसलेय तो माझ्याशिवाय जवळपास कोणी बघितलेलाच नाही. मग मी नेमकं काय दाखवू, आणि कुणाला ते कळणारे की हे खरं आहे म्हणून?

बाकी त्या मैत्रिणीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती माझ्याच टीममधली, आणि तिची नोकरी टिकली होती. म्हणजे पहिल्या व्हर्जनमधला सगळ्यात जास्त संताप होता तो तिच्यावरचाच, आणि तिला ते वाचताक्षणी कळलं असणार.

मी तिला तेव्हा हसरा इमोजी पाठवला होता.